साइनचा माग: वैज्ञानिक शब्दाची व्युत्पत्ती स्वतः कशी शोधावी

दहावीच्या वर्गात त्रिकोणमितीचा पहिला तास होता. फळ्यावर काटकोन त्रिकोण काढून मी लिहिलं: कोनासमोरची बाजू भागिले कर्ण, म्हणजे साइन. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "बाई, साइन म्हणजे सही ना? मग त्रिकोणात सही कुठून आली?" वर्ग हसला. मला उत्तर येत नव्हतं. इतकी वर्षं तो शब्द रोज तोंडात होता, पण तो आला कुठून हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी शोधायला बसले. सुट्टीचे दोन दिवस त्यात गेले आणि शेवटी हाताला लागला आपल्याच भूमितीच्या पुस्तकातला शब्द, 'जीवा'. तेव्हापासून असे शब्द शोधायचा नादच लागला. कसं शोधायचं याची एक पद्धत हळूहळू बसत गेली. काही चुका झाल्या, त्यातूनही शिकले. ती पद्धत इथे पायरीपायरीने देते आहे. उदाहरण म्हणून 'साइन' हाच शब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरते, कारण त्याच्या वाटेत जवळजवळ सगळ्या अडचणी एकदा तरी येतात.

सोबत एक वही, कंपासपेटी आणि इंटरनेट असलं की पुरे. संस्कृत, लॅटिन किंवा अरबी येत असलंच पाहिजे असं नाही.

पायरी १: शब्दाआधी वस्तू समजून घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात. शब्दकोशात 'घडी' किंवा 'दोरी' असा अर्थ सापडतो, पण त्याचा गणिताशी काय संबंध हे कळत नाही, कारण मूळ आकृतीच डोळ्यांसमोर नसते.

म्हणून कंपास घ्या. १० सेंमी त्रिज्येचा कंस काढा, पूर्ण वर्तुळ नसलं तरी चालेल. केंद्रापासून कंसापर्यंत दोन त्रिज्या अशा काढा की त्यांच्यातला कोन ६० अंशांचा होईल. त्या त्रिज्यांची टोकं जोडा. ही झाली जीवा. मोजून पाहा, तीही १० सेंमी भरेल, कारण तयार झालेला त्रिकोण समभुज आहे. आता केंद्रातून जीवेवर लंब टाका. जीवेचे दोन सारखे भाग होतील, प्रत्येकी ५ सेंमी, आणि ६० अंशांचा कोन दुभागून ३० अंशांचा होईल. ५ भागिले १०, म्हणजे अर्धा. साइन ३० अंश.

कागद फिरवून जीवा उभी येईल असा धरा. कंस म्हणजे वाकलेलं धनुष्य, जीवा म्हणजे त्याची ताणलेली दोरी. दोरीच्या मध्यापासून कंसापर्यंत जो छोटा तुकडा उरतो, तो दोरीवर चढवलेल्या बाणाच्या जागी आहे. जुन्या संस्कृत गणितात या तुकड्याचं नावच 'शर' आहे. आणि जिला आपण साइन म्हणतो ती या चित्रात धनुष्याची अर्धी दोरी आहे. हे चित्र वहीत राहू द्या, पुढे परत लागेल.

पायरी २: इंग्रजीत हा शब्द पहिल्यांदा केव्हा दिसतो?

आता शब्दकोश उघडा. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी शब्दकोश प्रत्येक अर्थाखाली जुनी अवतरणं सालासकट देतो. मोठ्या ग्रंथालयांत तो मिळतो. घरी बसून सुरुवात करायची तर व्युत्पत्तीचे फुकट ऑनलाइन कोश पुरेसे आहेत.

'साइन' शोधलात तर आधी एक खोटी वाट लागेल. त्याच स्पेलिंगचा एक लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ 'विना'. सभागृहाचं कामकाज बेमुदत तहकूब करतात तेव्हा बातमीत जो 'सायने डाय' येतो, त्यातला हा शब्द. गणितातल्या साइनशी त्याचं काहीच नातं नाही. सहीवाला 'साइन' तर स्पेलिंगनेही वेगळा आहे, तो लॅटिन 'सिग्नुम', म्हणजे खूण, यावरून आला. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. म्हणून शब्द नोंदवताना स्पेलिंग, विषय आणि अर्थ तिन्ही एकत्र लिहायची सवय लावा.

गणितातला साइन इंग्रजीत १५९३ साली दिसतो, थॉमस फेल यांच्या सूर्यघड्याळांवरच्या पुस्तकात. हे साल शब्दाच्या जन्माचं आहे असं मात्र समजू नका. त्याचा अर्थ एवढाच, की त्या साली तो छापात होता. बोलण्यात आणि हस्तलिखितांत तो आधीपासून असू शकतो. वहीत मी नेहमी '१५९३ पर्यंत आलेला' असं लिहिते.

सूर्यघड्याळ हा तपशीलही सोडू नका. शब्द कुठल्या धंद्यातल्या, कुठल्या कामातल्या माणसांनी वापरला, यावरून पुढचा रस्ता सुचतो. साइन सुताराकडून किंवा जमीन मोजणाऱ्याकडून न येता सूर्य आणि ताऱ्यांचा हिशेब ठेवणाऱ्यांकडून आला. म्हणजे त्याच्या आधीचा माग खगोलशास्त्राच्या पोथ्यांत शोधायचा.

पायरी ३: एका वेळी एकच पाऊल मागे

इंग्रजी शब्दकोश म्हणतो की साइन लॅटिन 'सिनुस'वरून आला. इथे थांबा. घाईने थेट संस्कृतवर उडी मारू नका. आधी लॅटिन शब्दाची पूर्ण नोंद वाचा, पहिला अर्थ वाचून पान मिटू नका. लॅटिनसाठी लुइस आणि शॉर्ट यांचा जुना कोश अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या 'पर्सियस' संग्रहात फुकट वाचता येतो.

'सिनुस'चे अर्थ असे: वाक, वळण, कापडाची घडी, छातीवरचा पदराचा झोळ, ऊर, आणि समुद्र जिथे जमिनीत वळून शिरतो ते आखात. साइनची गोष्ट सांगताना बहुतेक जण 'सिनुस म्हणजे आखात' म्हणून मोकळे होतात. मग आखाताचा आणि कोनाचा संबंध काय, असा प्रश्न पडतो आणि गोष्ट विचित्र वाटायला लागते.

मधला अर्थ मला महत्त्वाचा वाटतो. रोमन माणूस टोगा अंगावर घेई तेव्हा छातीपुढे कापडाचा झोळ पडे, आणि त्या झोळात तो वस्तू ठेवी. आपल्याकडे नऊवारी नेसलेली बाई पुढच्या कापडाचा ओचा करून त्यात शेंगा किंवा फुलं घेते, तसंच. 'ओचा' हा शब्द मनात धरलात की 'सिनुस' पुरता कळतो: घडी, पोकळी आणि खिसा, तिन्ही एकाच वेळी. हाच शब्द डॉक्टरांनी कवटीतल्या पोकळ्यांसाठी घेतला. सर्दी साचून कपाळ ठणकायला लागतं तेव्हा आपण ज्या 'सायनस'ला दोष देतो, तो आणि त्रिकोणमितीतला साइन एकच शब्द आहे.

पायरी ४: अर्थात फट दिसली की सावध व्हा

आता वहीत दोन गोष्टी शेजारी आहेत. आकृतीत अर्धी दोरी आहे, शब्दात कपड्याचा झोळ. दोन्हींचा मेळ बसत नाही. अशी फट दिसली की समजावं, मध्ये काहीतरी घडलंय, आणि बहुधा ते भाषांतर आहे.

शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत कसा जातो याचे चार रस्ते मी मानते. प्रत्येक पावलाशी विचारायचं, यातला कुठला?

पहिला, आवाजाने. परका शब्द जसा ऐकला तसा उचलायचा. आपला 'केंद्र' असाच आला. ग्रीक 'केंट्रॉन' म्हणजे टोकदार काटा, पराणी, आणि वर्तुळ काढताना जिथे कंपासचं टोक रुततं तो बिंदू. ग्रीक ज्योतिषाबरोबर हा शब्द संस्कृतात आला आणि कुंडलीतली केंद्रस्थानं झाली. तोच 'केंट्रॉन' लॅटिनमार्गे इंग्रजीत 'सेंटर' झाला. 'होरा' हाही ग्रीकच. संस्कृताने जगाला दिलं तसं जगाकडून घेतलंही, आणि माग काढणाऱ्याला दोन्ही मोकळ्या मनाने मान्य करता आलं पाहिजे.

दुसरा, अर्थाने. परक्या शब्दाचे तुकडे करून प्रत्येकाच्या जागी आपला शब्द ठेवायचा. 'जिऑमेट्री'त ग्रीक 'गे' म्हणजे पृथ्वी आणि 'मेट्रॉन' म्हणजे माप, त्यावरून आपली 'भूमिती'.

तिसरा, रक्ताने. कुणी कुणाकडून घेतलेलं नसतं, दोघांचा पूर्वज एक असतो. 'बायॉलॉजी'तला ग्रीक 'बिओस', म्हणजे आयुष्य, आणि आपला 'जीव' हे असे चुलत भाऊ आहेत. गंमत अशी की ग्रीकमध्ये 'बिओस'वरचा आघात शेवटी गेला की त्याचा अर्थ 'धनुष्य' होतो. हे ऐकून माझा एक विद्यार्थी बराच वेळ 'जीव, जीवा, जीव, जीवा' म्हणत बसला होता.

चौथा, घडवून. शास्त्रज्ञाने ग्रीक-लॅटिन तुकडे जोडून मुद्दाम बनवलेला शब्द. 'ऑक्सिजन' तसा आहे, त्याच्याकडे पुढे येते.

साइनच्या बाबतीत सिनुसपासून इंग्रजीपर्यंतचा रस्ता आवाजाचा आहे. पण सिनुस गणितात आला तो अर्थाच्या रस्त्याने, अरबीतून.

पायरी ५: मधल्या भाषेची लिपी समजून घ्या

सगळा प्रकार इथे उलगडतो, म्हणून थोडं सावकाश.

बाराव्या शतकात स्पेनमध्ये, विशेषतः टोलेडो शहरात, अरबी शास्त्रग्रंथांची लॅटिन भाषांतरं मोठ्या प्रमाणावर होत होती. गणितात 'सिनुस' वापरण्याचं श्रेय कुणी चेस्टरच्या रॉबर्टला देतं, कुणी क्रेमोनाच्या जेरार्डला. दोघेही त्याच शतकातले, दोघांनीही अरबीतून भाषांतर केलेलं. त्यांच्यासमोरच्या अरबी पोथीत या रेषेचं नाव तीन अक्षरांत होतं: जीम, ये, बे. म्हणजे ज-य-ब.

अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर सहसा गाळतात. आणि 'ये' हे अक्षर दीर्घ 'ई'साठीही येतं, 'ऐ'साठीही. म्हणून ज-य-ब हे 'जीब' असंही वाचता येतं आणि 'जैब' असंही. मोडी वाचणाऱ्यांना ही अडचण लगेच कळेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे वाचणारा संदर्भावरून ठरवतो. पण संदर्भ कळेना झाला, तर तो आपल्या ओळखीचा शब्द वाचतो.

'जीब' अरबीत कुणाच्या ओळखीचा नव्हता, तो बाहेरून आलेला. 'जैब' मात्र रोजच्या बोलण्यातला: कपड्याचा गळ्यापाशी उघडा भाग, छातीवरची घडी, खिसा. हिंदीतली 'जेब' हाच शब्द, फारसीमार्गे आलेला. तेव्हा भाषांतरकाराने 'जैब' वाचलं आणि त्याला नेमका लॅटिन प्रतिशब्द दिला: सिनुस, रोमन माणसाचा ओचा. या गोष्टीत लोक त्याला मूर्ख ठरवून हसतात, ते मला पटत नाही. त्याने वाचलेल्या शब्दाला यापेक्षा चांगला लॅटिन शब्द सापडला नसता. चूक झाली ती वाचनात, आणि तीही त्या लिपीत कुणाकडूनही होण्यासारखी.

इथे माझी सूचना एकच. मधल्या भाषेतला शब्द कधीही रोमन किंवा देवनागरी रूपात पाहून थांबू नका. तिच्या लिपीतली मूळ अक्षरं शोधा आणि एकेक करून वहीत उतरवा, वाकडीतिकडी आली तरी चालतील. मी ज-य-ब हाताने लिहिलं तेव्हाच मला दोन वाचनं दिसली. त्याआधी तीन लेख वाचूनही ती नीट कळली नव्हती.

पायरी ६: मुळाशी पोचलात की पडताळा घ्या

अरबीत 'जीब' आला कुठून? आठव्या शतकात खलिफा अल-मन्सूर याच्या काळात भारतीय खगोलगणित बगदादला पोचलं आणि 'सिंदहिंद' या नावाने अरबीत उतरलं. 'सिंदहिंद' म्हणजे 'सिद्धांत'. त्यातल्या कोष्टकांत जी रेषा होती तिचं संस्कृत नाव 'ज्या', आणि त्याच अर्थाचा दुसरा शब्द 'जीवा'. अरबीत उतरताना 'जीवा'ची 'जीबा' झाली, तीच वर 'जीब' म्हणून भेटली.

मोनियर-विल्यम्स यांचा संस्कृत-इंग्रजी कोश जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. 'ज्या' पाहा, 'जीवा' पाहा. दोन्हींचा अर्थ धनुष्याची दोरी. पहिल्या पायरीतल्या चित्राकडे परत जा. फट बुजली.

पण नुसता अर्थ जुळला म्हणून मी समाधान मानत नाही. आर्यभटांच्या 'ज्या'ला आजची साइन म्हणता येईल का, हे आकड्यांनी पडताळता येतं. विज्ञानाच्या शब्दांची ही मोठी सोय आहे.

टॉलेमीने ग्रीक परंपरेत पूर्ण जीवेची कोष्टकं केली होती. भारतीयांनी अर्धी जीवा घेतली. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटांनी आर्यभटीयात एका श्लोकात २४ संख्या दिल्या आहेत. त्या श्लोकाची सुरुवात 'मखि भखि फखि धखि' अशी आहे आणि शेवट 'कलार्धज्याः' या शब्दाने. तिथे 'अर्धज्या' असंच म्हटलंय. पुढे 'अर्ध' गळून नुसतं 'ज्या' उरलं.

'मखि' हे मंत्राक्षर वाटेल, पण ती संख्या आहे. आर्यभटांच्या पद्धतीत 'क' ते 'म' ही अक्षरं १ ते २५ मोजतात, आणि 'इ' स्वर लागला की शंभरपट. म = २५. ख = २, म्हणून खि = २००. मखि = २२५. तसंच भ = २४, म्हणून भखि = २२४. फ = २२, फखि = २२२. ध = १९, धखि = २१९. पुढच्या चार संख्या २१५, २१०, २०५ आणि १९९.

एका अर्धज्येपासून पुढच्या अर्धज्येपर्यंत किती वाढ होते, ते हे फरक आहेत. प्रत्येक फरक २२५ कलांच्या, म्हणजे पावणेचार अंशांच्या टप्प्याचा (एक अंश म्हणजे ६० कला). वर्तुळाचा परीघ २१,६०० कला धरला तर त्रिज्या ३४३८ कला येते. आता पहिल्या आठ संख्यांची बेरीज करा:

२२५ + २२४ + २२२ + २१९ + २१५ + २१० + २०५ + १९९ = १७१९

आठ टप्पे म्हणजे ८ × २२५ = १८०० कला, अर्थात ३० अंश. आणि १७१९ भागिले ३४३८ बरोबर अर्धा. पहिल्या पायरीत कंपासने काढलेली ५ सेंमीची अर्धी दोरी तीच. वर्गात ही बेरीज मी मुलांकडून फळ्यावर करून घेते. शेवटी १७१९ येतं आणि कुणीतरी त्याची दुप्पट करून पाहतं, त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी मी शिकवते.

पायरी ७: कानावर विसंबू नका

साइन शेवटी 'जीवा'पर्यंत गेला, म्हणून आता प्रत्येक इंग्रजी शब्दात संस्कृत ऐकू यायला लागेल. माझंही तसंच झालं होतं.

संस्कृतात 'कोटिज्या' आहे आणि इंग्रजीत 'कोसाइन'. 'को' आणि 'कोटि', किती जुळतं! शाळेच्या गणित प्रदर्शनातल्या तक्त्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कोसाइन हा शब्द कोटिज्यावरून'. प्रदर्शन पाहायला आलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मला बाजूला घेऊन शांतपणे विचारलं, "पुरावा कुठला?" माझ्याकडे नव्हता. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की इंग्लंडमध्ये एडमंड गंटर यांनी १६२० मध्ये 'को-सायनस' असं रूप वापरलं. ते लॅटिन 'काँप्लिमेंटी सिनुस' याचं संक्षिप्त रूप, म्हणजे कोटिकोनाची साइन. त्यातला 'को' पूर्ण लॅटिन आहे. ३० अंशांची कोसाइन म्हणजे ६० अंशांची साइन, ही कल्पना दोन्हीकडे एकच. पण 'को' आणि 'कोटि' यांचा आवाज जुळला तो योगायोगाने. एकाच शब्दात 'साइन' आपल्याकडून गेलेला आणि 'को' आपल्याशी संबंध नसलेला. दुसऱ्या दिवशी मी तो तक्ता उतरवून नवा लावला.

'जिऑमेट्री म्हणजे ज्यामिती' हेही फार ऐकू येतं. हिंदीत भूमितीला 'ज्यामिति' म्हणतात, म्हणून ते खरं वाटतं. पण ग्रीक शब्द इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरॉडोटस या इतिहासकाराच्या लिखाणात आहे, तोही नाइलच्या पुरानंतर इजिप्तमध्ये जमीन मोजण्याच्या संदर्भात. त्यात धनुष्याची दोरी कुठेच नाही.

'नेव्हिगेशन' हा 'नवगती'वरून आला असाही एक संदेश मोबाइलवर फिरतो. लॅटिनमध्ये 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'आगेरे' म्हणजे चालवणं, त्यावरून 'नाविगारे'. यातला 'नाविस' आणि आपली 'नौ' हे रक्ताचे नातेवाईक खरे आहेत. कोळीवाड्यातला 'नाखवा'ही या कुळापासून दूर नाही: फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी. नातं आहे, पण एकाने दुसऱ्याकडून घेतलेलं नाही. 'नवगती' कुठल्या जुन्या ग्रंथात, कुठल्या साली, कुणाकडून लॅटिनमध्ये गेला, या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. साइनच्या बाबतीत प्रत्येक टप्प्याला शतक, गाव आणि पोथी दाखवता येते. हाच फरक.

म्हणून कुठलाही दावा पुढे आला की मी तीन प्रश्न विचारते. मधल्या काळात तो शब्द कुठे लिहिलेला सापडतो? तो नेणारी माणसं कोण? वाटेत आवाज बदलला असेल तर त्या भाषेत तो नेहमी तसाच बदलतो का, की फक्त आपल्या सोयीसाठी? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर दावा पेन्सिलीने लिहायचा.

पायरी ८: नाव देणाऱ्याला तेव्हा काय वाटत होतं?

घडवलेल्या शब्दांसाठी ही पायरी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७८७ साली रसायनांच्या नावांची नवी पद्धत प्रसिद्ध केली. 'ऑक्सिजन' हे नाव तीतून रूढ झालं. ग्रीक 'ऑक्सुस' म्हणजे तीक्ष्ण, आंबट आणि 'जेनेस' म्हणजे जन्म देणारा: आम्ल निर्माण करणारा. प्रत्येक आम्लात हा वायू असतो असं लाव्हाझिएंना वाटत होतं. १८१० मध्ये हंफ्री डेव्ही यांनी क्लोरीन हे मूलद्रव्य आहे असं दाखवलं आणि मिठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजन नसतो हे स्पष्ट झालं. नाव तोवर रुळलं होतं, ते राहिलं. मराठीत आपण 'प्राणवायू' म्हणतो, आणि त्या नावात ही चूक नाही.

'मलेरिया'ही तसाच: इटालियन 'माला आरिया', वाईट हवा. १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात या रोगाचे परजीवी दिसले, तरी नाव हवेचंच राहिलं. जुना समज शब्दात असा जपून राहतो. तेव्हा अशा शब्दाचा अर्थ आजच्या विज्ञानाने दुरुस्त करू नका, त्या माणसाच्या समजुतीसह लिहा.

पायरी ९: टिपण

शेवटी सगळं एका परिच्छेदात उतरवा. ते असं उलट्या क्रमाने, मुळापासून आजकडे लिहिलं की वाचणाऱ्याला सोपं जातं. माझ्या वहीतलं टिपण असं आहे:

'साइन. संस्कृत ज्या, जीवा, धनुष्याची दोरी (गणितात आधी अर्धज्या, आर्यभटीय, इ. स. ४९९ च्या सुमारास). आवाजाने अरबीत, आठवं शतक, जीबा, लिहिण्यात ज-य-ब. वाचनात बदल, जैब, कपड्याची घडी. अर्थाने लॅटिनमध्ये, स्पेन, बारावं शतक, सिनुस. आवाजाने इंग्रजीत, १५९३ पर्यंत.'

प्रत्येक टप्प्याशी 'आवाजाने' की 'अर्थाने' हे लिहायला विसरू नका. ते लिहिताना हात अडला की समजावं, ती कडी अजून कच्ची आहे.

सरावाला पुढचा शब्द हवा असेल तर 'टँजंट' घ्या, सोपा आहे. डेन्मार्कच्या थॉमस फिंक यांनी १५८३ मध्ये तो वापरला, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'स्पर्श करणारी', आणि आपल्या पुस्तकात त्याला 'स्पर्शिका' म्हणतात. एका संध्याकाळचं काम.

त्यानंतर आर्यभटांच्या कोष्टकाकडे एकदा परत या. चोवीसही संख्यांची बेरीज करा. शेवटचे फरक ५१, ३७, २२ आणि ७ आहेत, मधले कोष्टकातून भरा. बेरीज ३४३८ येते, म्हणजे ९० अंशांची ज्या त्रिज्येइतकीच. ९० अंश म्हणजे राशिचक्रातल्या तीन राशी. तीन राशींची ज्या, ती त्रिज्या. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला मी हे वर्ष संपता संपता सांगितलं. तिने कंपासपेटी उघडली, कंपासची दोन टोकं फाकवली आणि त्यांच्यातल्या अंतराकडे पाहत म्हणाली, "म्हणजे बाई, हीपण दोरीच."